उतरत्या वयातील त्वचेसाठी लेपद्रव्यांची निवड (ग्रामीण विदर्भ)

वय उतरू लागले की त्वचा कोरडी व पातळ होते, तिच्यावर डाग उमटतात, सुरकुत्या पडतात. त्वचेवर लावायच्या पदार्थांपैकी कोणते हे बदल खरोखर मंदावतात आणि कोणते नुसते वासाचे, हे पारखणे म्हणजे लेपद्रव्यांची निवड. विदर्भाच्या खेड्यात ही पारख करताना आणखी तीन गोष्टी हिशेबात धराव्या लागतात : दिवसभराचे शेतातले ऊन, टिनाखाली तापणारे घर आणि कटलरीच्या दुकानात मिळणारी बिनलेबलाची डबी.

त्वचा दोन वाटांनी म्हातारी होते. एक वाट वयाची. ती कोणाला चुकत नाही. दुसरी उन्हाची, आणि चेहरा, मान व हाताची पाठ यांवर दिसणारे म्हातारपण बरेचसे हिच्यामुळे येते. सूर्याच्या अतिनील (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांपैकी यूव्हीबी किरण बहुतांशी वरच्या थरात अडतात व त्वचा भाजतात. यूव्हीए किरण खालच्या थरापर्यंत जातात आणि त्वचेला ताण व लवचीकपणा देणाऱ्या कोलॅजेन व इलॅस्टिन या प्रथिनांची हानी करतात. हे किरण काचेतूनही येतात. २०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने २८ वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचे छायाचित्र छापले. त्याचा खिडकीकडचा डावा गाल लोंबलेला व खोल सुरकुत्यांचा, तर उजवा पुष्कळसा सपाट होता. आपल्याकडे गाडीवानाची जागा उजवीकडे, त्यामुळे जुन्या एसटी चालकाचा उजवा गाल निरखून पाहावा.

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, म्हणून ऊन म्हणजे उन्हाळा असा समज पक्का आहे. पण उष्मा आणि अतिनील किरण या निराळ्या गोष्टी आहेत. हिवाळ्यात सकाळी स्वेटर घालून कापूस वेचायला गेलेल्या बाईच्या तोंडावर दुपारचे ऊन पडतेच. निंदण, धानाची रोवणी, वेचणी, तेंदूपाने तोडणे ही सारी कामे उघड्यावरची, आणि त्यांत बायकांचा वाटा मोठा.

सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असते. ते कोलॅजेनला थोडीफार सावली देते, म्हणून सुरकुत्या उशिरा येतात. पण तेच ऊन, पुरळ किंवा खरचटणे यांमुळे चिथावले जाते आणि डाग लवकर येतात. त्यामुळे इथे वाढत्या वयाची पहिली तक्रार सुरकुत्यांची नसते. दवाखान्यात किंवा मेडिकलवर ऐकू येते ते असे : ‘तोंड काळं पडलं, काई लावाले द्या.’ गाल, कपाळ व वरच्या ओठावर पसरणारा तपकिरी वांग हा यातला सर्वांत हट्टी प्रकार. गरोदरपण, संप्रेरकांच्या गोळ्या व घराण्यातली प्रवृत्ती ही त्याची कारणे. ऊन त्याला खतपाणी घालते.

ऊन अडवणे : पुरावा सर्वांत भक्कम आहे तो याचाच. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर गावी ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाचणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य, मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वाढले होते. घेताना नळीवर एसपीएफ (यूव्हीबी अडवण्याचे माप) ३० किंवा अधिक आणि यूव्हीएसाठी ‘पीए’ या अक्षरांपुढे तीन अधिक चिन्हे (PA+++) पाहावीत. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतो, मात्र थर पुरेसा असला तरच. तो थर म्हणजे चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम. चेहरा व मान मिळून सव्वा ते दीड ग्रॅम. दिवसातून दोनदा लावले तर ५० ग्रॅमची नळी अडीच-तीन आठवड्यांत रिकामी होते. मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला दर महिन्याला हा खर्च सांगणे म्हणजे तिची थट्टाच. शिवाय घाम आणि पदराने पुसलेले तोंड थराला दोन तासही टिकू देत नाहीत.

म्हणून येथे पहिला क्रमांक कापडाला द्यावा. लुगड्यावर घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून आणि डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून शेतात जाण्याची रीत कोणत्याही महागड्या नळीपेक्षा कमी नाही. घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड ऊन अधिक अडवते. पातळ पांढरे सुती कापड घामाने भिजले की उलट अधिक ऊन आत सोडते. सनस्क्रीनचा खर्च उघड्या राहणाऱ्या नाक, गाल व हाताच्या पाठीपुरता करावा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले, म्हणजे किंचित त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्यावे. वांग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो आणि तो प्रकाश रंगहीन सनस्क्रीन फारसा अडवत नाही.

रेणूचा आकार : जाहिरातींतील बरेच दावे एका ठोकताळ्यावर गळून पडतात. ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचे एकक) मोठा रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत शिरत नाही. २००० साली मांडलेला हा नियम औषधशास्त्रात आजही वापरतात. कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा आहे. कोलॅजेन क्रीम त्वचेवर मऊ थर देते, पण आतले मोडलेले कोलॅजेन तिने भरून निघत नाही. उलट नायसिनामाइड १२२, ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) १७६ आणि रेटिनॉल २८६ डाल्टनचे. काम करणारी नावे याच आकाराची आहेत.

नायसिनामाइड व क जीवनसत्त्व : दोन्ही डागांवर चालतात, पण विदर्भात त्यांची बरोबरी होत नाही. क जीवनसत्त्वाचे सीरम १० ते २० टक्क्यांचे आणि बरेच आम्लधर्मी असावे लागते. ते हवा, उजेड व उष्णतेने ऑक्सिडीकृत होऊन पिवळे-तपकिरी पडते आणि निकामी होते. एप्रिलमध्ये टिनाखालच्या फळीवर ठेवलेली अशी बाटली म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणे. नायसिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचे एक रूप) उष्णता व उजेड दोन्ही सोसते, स्वस्त असते आणि २ ते ५ टक्क्यांत काम करते. ते रंगद्रव्य वरच्या पेशींत पोहोचण्यात अडथळा आणते आणि त्वचेची ओल धरून ठेवणारी स्निग्धद्रव्ये वाढवते. एकच सीरम घेण्याची ऐपत असेल तर हेच घ्यावे. १० टक्के लिहिलेली बाटली दुप्पट गुण देईल असे नाही, जळजळ मात्र वाढू शकते.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात संत्र्याच्या सालीची भुकटी तोंडाला लावतात. तिने तोंड स्वच्छ वाटते, पण सीरमइतके क जीवनसत्त्व तिच्यात नसते. लिंबू चोळणे त्याहून वाईट. त्याचे आम्ल त्वचा जाळतेच, शिवाय सालीतील फ्युरोकुमरिन द्रव्ये उन्हाशी मिळून फोड व काळे चट्टे उठवू शकतात.

रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या कुळातील द्रव्ये) : सुरकुत्यांसाठी सर्वांत जुना, कसोटीला उतरलेला गट. ट्रेटिनॉइन आधी मुरुमांसाठी वापरात होते. अल्बर्ट क्लिगमन व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ते उन्हाने जून झालेल्या त्वचेवर उपयोगी पडत असल्याचे मांडले. ते नवे कोलॅजेन तयार करायला लावते, मात्र गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. रेटिनॉल हे त्याचे सौम्य रूप. त्वचेत त्याचे दोन पायऱ्यांनी रेटिनॉइक आम्ल होते. सुरुवात आठवड्यातून दोन रात्री, संपूर्ण तोंडाला हरभऱ्याएवढे, कोरड्या त्वचेवर. घाई केल्यास त्वचा सोलवटते, आणि सावळ्या त्वचेवर त्या जळजळीचेच डाग राहतात : डाग घालवायला जावे नि डाग पदरी पडावेत. प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्याकडे आरंभ पावसाळ्यात करावा, कारण तेव्हा हवेत ओल असते. मे महिन्याच्या कोरड्या झळांत कधीच करू नये. गरोदर किंवा दिवस राहण्याच्या बेतात असलेल्या स्त्रियांनी हा गट टाळावा. नळी माठाशेजारच्या अंधाऱ्या कोनाड्यात ठेवावी.

रेटिनॉलला वनस्पतिज पर्याय म्हणून बाकुचिओल पुढे आले आहे. ते बावचीच्या बियांतून काढतात. ४४ जणांवरील बारा आठवड्यांच्या एका चाचणीत ०.५ टक्के बाकुचिओल ०.५ टक्के रेटिनॉलच्या बरोबरीचे ठरले आणि त्याने त्वचा कमी सोलवटली. मात्र बावची ओळखीची म्हणून तिच्या बिया घरी वाटून लावू नयेत. त्याच बियांत सोरालेन असते. कोडावरच्या उपचारात सोरालेनचा वापर होतो तो ते त्वचेला उन्हाबाबत हळवी करते म्हणूनच. बावचीचा लेप लावून रानात गेलेली त्वचा भाजून निघते.

ओल व तेले : ग्लिसरीन ओल ओढून घेते, पेट्रोलियम जेली ती उडू देत नाही. दोन्ही अगदी स्वस्त, आणि आंघोळीनंतर ओलसर अंगावर लावल्यास उत्तम. टाचांच्या भेगांना व वेचणीत बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेल्या हातांना युरिया असलेले मलम उपयोगी पडते, पण ताज्या जखमेवर ते झोंबते. पूर्व विदर्भात मोहाच्या बियांचे घट्ट तेल थंडीत अंगाला लावतात. मऊपणासाठी ते चांगले. जवसाचे तेल हवेत लवकर खवट होते, त्यापेक्षा जवस चटणीत बरा. मुलतानी माती तेलकट तरुण त्वचेला ठीक, उतरत्या वयाच्या त्वचेला ती आणखी कोरडी करते. खर्ऱ्याने (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने) तोंड उघडेनासे होते नि गाल आत जातात, त्यावर कोणतेही क्रीम नाही.

बिनलेबलाच्या डब्या : झटपट उजळपणा देणाऱ्या मलमांत बहुधा स्टेरॉइड असते, काहींत पारा. स्टेरॉइडने आठवड्याभरात तोंड उजळ दिसते. पुढे त्वचा पातळ व लाल होते, केशवाहिन्या दिसू लागतात, पुरळ व लव वाढते. २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे शेड्यूल एच यादीत आली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात चेहऱ्यासाठीचे तिहेरी मिश्रण (हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टेरॉइड) शेजारणीच्या सांगण्यावरून घेतले जाते. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, पण तो त्वचेतून शरीरात शिरतो व मूत्रपिंड बिघडवतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एका कुटुंबातील स्त्रियांना गोऱ्या करणाऱ्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार जडल्याच्या बातम्या आल्या होत्या.

महिनोन्‌महिने लावलेले स्टेरॉइड एकदम बंद केले की तोंड उसळते, आग होते, आणि बाई घाबरून पुन्हा तीच डबी उघडते. अशा वेळी नागपूरची मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालये, सेवाग्राम, अकोला, यवतमाळ यांपैकी जवळच्या रुग्णालयातील त्वचारोग विभागात जावे आणि डबी सोबत न्यावी, लेबल नसले तरी. पाऱ्याची शंका असेल तर लघवी तपासून त्याचे प्रमाण कळते. पाय किंवा पापण्या सुजत असतील तर ही तपासणी लांबवू नये.