कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर: चुकला तर बहुधा खालीच चुकतो

मोठ्या इमारतीत बाहेरची किती हवा आत घ्यायची, हे आता बऱ्याच ठिकाणी माणूस ठरवत नाही. सभागृह भरलं की ताज्या हवेचा डँपर (हवेची वाट कमीजास्त करणारी झडप) उघडतो, लोक निघून गेले की हळूहळू मिटतो. हा निर्णय ज्या आकड्यावरून होतो, तो भिंतीवरच्या किंवा डक्टमध्ये (हवा वाहून नेणाऱ्या मोठ्या नळीत) खुपसलेल्या एका लहानशा डबीतून येतो. ती डबी म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर. तिला माणसं दिसत नाहीत, त्यांच्या उच्छ्वासाचा माग तेवढा लागतो.

हिशेब सरळ आहे. बसून काम करणारा प्रौढ माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे सेकंदाला ५ मिलिलिटर. त्याच्या वाट्याला सेकंदाला १० लिटर ताजी हवा येत असेल, तर खोलीतलं प्रमाण बाहेरच्यापेक्षा ५०० पीपीएमनं (दहा लाख भागांत ५०० भागांनी) वाढून तिथे स्थिरावतं. ताजी हवा निम्मी केली की ही वाढ १,००० होते. बाहेरच्या हवेत आज साधारण ४२५ पीपीएम असतो. तो मिळवला की खोलीतला आकडा अनुक्रमे सव्वानऊशे आणि सव्वाचौदाशेच्या आसपास जातो. म्हणजे सेन्सरवरचा आकडा हा माणशी किती हवा मिळते याचा अप्रत्यक्ष हिशेब असतो.

ही युक्ती जुनी आहे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली १,००० पीपीएमची मर्यादा सुचवली. इतक्या प्रमाणात हा वायू स्वतः अपायकारक ठरतो असं त्यांना म्हणायचं नव्हतं. माणसांमुळे हवा किती शिळी झाली याची ती खूण होती. आजही बऱ्याच देशांत कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा ५,००० पीपीएम आहे. गंमत अशी, की पेटेनकोफर यांच्या काळात बाहेरच्या हवेतच ३०० पीपीएमपेक्षा कमी वायू होता. त्यांचे १,००० आणि आपले १,००० यांत त्यामुळे शंभरावर पीपीएमचा फरक पडतो. माझ्या मते नुसत्या एका आकड्याला चिकटून राहण्यापेक्षा आतला आणि बाहेरचा फरक पाहणं जास्त शहाणपणाचं.

मग सेन्सर हवाच कशाला? सतत भरपूर हवा आत घेतली तर काय बिघडतं? बाहेरची हवा स्वच्छ असेल तर आरोग्याच्या दृष्टीनं काहीच नाही, पण बाहेरची प्रत्येक घनमीटर हवा थंड, गरम किंवा कोरडी करायला ऊर्जा लागते. शंभर खुर्च्यांच्या सभागृहात दहाच माणसं असताना शंभर जणांची हवा ओढणं महाग पडतं. म्हणून सेन्सरला ताजी हवा कमी करण्याचा अधिकार दिला जातो. आणि असा अधिकार असलेलं उपकरण चुकलं, तर ते कोणत्या बाजूला चुकतं हा प्रश्न ते किती अचूक आहे याहून मोठा ठरतो. आकडा जास्त दाखवला तर वीज वाया जाते. कमी दाखवला तर भरलेल्या खोलीत हवा अपुरी पडते आणि पडद्यावर मात्र सगळं आलबेल दिसतं. बसवताना होणाऱ्या चुका एकेक करून पाहिल्या, तर त्यांतल्या बहुतेक आकडा खालीच ओढतात.

पहिली चूक खरेदीतच होऊ शकते. खरा सेन्सर अवरक्त किरणांवर चालतो. कार्बन डायऑक्साइडचे रेणू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण शोषतात. डबीत एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला शोधक. मधल्या हवेत रेणू जितके जास्त, तितका कमी प्रकाश पलीकडे पोहोचतो. बाजारात काही स्वस्त उपकरणं मात्र कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. ती हवेतल्या सेंद्रिय वाफा हुंगतात आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज छापतात. सॅनिटायझरची बाटली उघडली की त्यांचा आकडा उडी मारतो. अशा उपकरणाच्या हाती डँपर देऊ नये.

अवरक्त सेन्सरचीही एक खोड आहे. तो प्रमाण मोजत नाही, किरणांच्या वाटेत आलेले रेणू मोजतो. हवा विरळ झाली की रेणू कमी, आणि आकडाही कमी. समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरवर हवेचा दाब सुमारे १६ टक्क्यांनी घटतो. तिथे उंचीची दुरुस्ती न केलेला सेन्सर खऱ्या १,००० पीपीएमला ८४० च्या आसपास दाखवेल. ही दुरुस्ती बहुतेक सेन्सरांत मेनूमध्ये एक आकडा भरून होते, काही सेन्सर दाब स्वतःच मोजतात. तरी ती जागा कोरी राहिलेली सर्रास आढळते.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे स्वयंचलित बेसलाइन दुरुस्ती. दिवा जुना होतो, धूळ बसते, आकडा सरकतो. यावर उपाय म्हणून सेन्सर आठवडा-दोन आठवड्यांतलं सर्वांत कमी वाचन लक्षात ठेवतो आणि ‘हीच बाहेरची हवा’ असं मानून ते ४०० वर आणून ठेवतो. रात्री रिकाम्या होणाऱ्या कार्यालयात हे छान चालतं. पण रुग्णालय, कॉल सेंटर, चोवीस तास चालणारा नियंत्रण कक्ष अशा जागा कधी रिकाम्याच होत नाहीत. तिथे सर्वांत कमी प्रमाण ६०० असेल, तर सेन्सर ६०० लाच ४०० म्हणू लागतो आणि पुढची सगळी वाचनं खाली घसरतात. अशा ठिकाणी ही सोय बंद करावी आणि दुहेरी किरणमार्गाचा सेन्सर घ्यावा. त्याच्यातला दुसरा मार्ग कार्बन डायऑक्साइड शोषत नाही अशी तरंगलांबी वापरतो, त्यामुळे दिव्याचं म्हातारपण वेगळं ओळखता येतं.

भिंत की डक्ट?

शक्य असेल तिथे भिंत. परतीच्या डक्टमधला, म्हणजे खोल्यांतली हवा यंत्राकडे परत नेणाऱ्या डक्टमधला सेन्सर सगळ्या खोल्यांची सरासरी सांगतो. चार खोल्या रिकाम्या आणि पाचवी खचाखच भरलेली असेल, तर सरासरी छान दिसते आणि पाचव्या खोलीतले लोक जांभया देत बसतात. शिवाय छतालगतच्या जाळीतून सोडलेली हवा माणसांपर्यंत न पोहोचताच परतीच्या वाटेला लागत असेल, तर डक्टमधल्या सेन्सरला ती स्वच्छच वाटणार.

भिंतीवर तो माणसांच्या श्वासाच्या उंचीला, जमिनीपासून साधारण एक ते पावणेदोन मीटरच्या पट्ट्यात बसवतात. दार, खिडकी आणि हवा सोडणाऱ्या जाळीपासून दूर. कुणाच्या तोंडासमोरही नको: उच्छ्वासात सुमारे ४०,००० पीपीएम असतो, त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरच्या एका माणसावरून खोलीचा निवाडा होतो. आकडा वर नेणाऱ्या मोजक्या चुकांपैकी ही एक.

भिंतीतली खरी गडबड डबीच्या मागे असते. वायरींसाठी आणलेला कंड्युइट (वायरींची नळी) खोट्या छताच्या वरपर्यंत उघडा असतो आणि तिथली पोकळी वेगळ्याच दाबाखाली असते. त्या नळीतून येणारी झुळूक थेट सेन्सरच्या पाठीत शिरते. मग उपकरण खोलीतली नव्हे, त्या पोकळीतली हवा मोजत बसतं. वायर ओढून झाली की कंड्युइटचं तोंड पुट्टीनं किंवा सीलंटनं बुजवायचं, इतकंच काम. पण ते कुणाच्याच यादीत नसतं: वायरमन म्हणतो हवेचं काम माझं नाही, डक्टवाला म्हणतो भिंत माझी नाही.

डक्टमध्येच बसवायचा झाला, तर परतीच्या डक्टच्या सरळ भागात, ताजी हवा मिसळते त्या जागेच्या अलीकडे. परतीच्या डक्टमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून भोकाभोवती जराशी फट राहिली तरी बाहेरची हवा आत खेचली जाते, आणि ती नेमकी सेन्सरच्या नळीवरच. रबरी गॅस्केट नीट बसलं नाही, तर आकडा पुन्हा खाली. नळीवरचा बाण हवेच्या दिशेनं आहे ना, तेही पाहावं.

भोक पाडण्यापूर्वी डक्ट कोणता आहे हे नकाशावर तपासणं मात्र जिवाचा प्रश्न आहे. आगरोधक डक्ट, धूर बाहेर काढणारा डक्ट आणि फायर डँपरचं (आग लागली की वाट बंद करणाऱ्या झडपेचं) आवरण यांना परस्पर भोक पाडायचं नाही. डक्टमध्ये हात घालण्याआधी पंख्याचा मुख्य पुरवठा बंद करून आयसोलेटरला (पुरवठा तोडणाऱ्या स्विचला) स्वतःचं कुलूप लावायचं आणि पाटी टांगायची. पंखा थांबलेला दिसतो म्हणून तो बंद आहे असं नाही. आपोआप चालणाऱ्या यंत्रणेत तो वेळापत्रकानुसार कुठल्याही क्षणी सुरू होतो. आणि आग लागल्यावर काय उघडायचं, काय मिटायचं याचा शेवटचा शब्द अग्निशमन यंत्रणेचाच असला पाहिजे. सेन्सरचा आदेश तिच्या आड येता कामा नये.

तारेचा भाग

बहुतेक सेन्सर २४ व्होल्टवर चालतात, त्यामुळे शॉकची भीती कमी. पण त्याच वायरी मुख्य विजेच्या वायरींसोबत एकाच कंड्युइटमध्ये कोंबल्या तर ती भीती परत येते, आणि सिग्नलमध्ये खरखरही शिरते.

एका ट्रान्सफॉर्मरवर अनेक उपकरणं असतील तर वायरींची दिशा सांभाळावी लागते. अर्धतरंग रेक्टिफायरच्या (एसी विजेची अर्धीच लाट वापरून डीसी करणाऱ्या) उपकरणात पुरवठ्याची एक तार आणि सिग्नलची कॉमन तार आतून एकच असते. अशा दोन उपकरणांच्या पुरवठ्याच्या तारा एकमेकींच्या उलट लागल्या आणि दोन्ही कॉमन एकाच कंट्रोलरला (सेन्सरचा आकडा वाचून डँपर हलवणाऱ्या उपकरणाला) गेल्या, की ट्रान्सफॉर्मर थेट शॉर्ट होतो. सेन्सर जळतो, कधी कंट्रोलरही.

पण न जळणारी चूक जास्त वाईट. सेन्सर ० ते १० व्होल्टमध्ये बोलत असेल आणि ० व्होल्ट म्हणजे ० पीपीएम असं ठरलेलं असेल, तर तार तुटल्यावर कंट्रोलरला काय कळतं? शून्य. म्हणजे पृथ्वीवर कुठेही नसलेली निर्मळ हवा. तो निमूट डँपर मिटवतो. म्हणून शक्य तिथे ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल घ्यावा. त्यात सर्वांत कमी वाचनालाही ४ मिलिअँपिअर वाहतात, आणि शून्य आलं की बिघाड हे उघड होतं. व्होल्टचाच सेन्सर असेल तर कंट्रोलरमध्ये एक अट टाकावी: आकडा ३०० च्या खाली गेला, किंवा तासन्‌तास जराही हलला नाही, तर तो खोटा समजायचा, डँपर पूर्ण भरलेल्या खोलीच्या हवेइतका उघडायचा आणि सूचना द्यायची. काम ताब्यात घेताना टर्मिनलमधून सिग्नलची तार स्वतः उपसून पाहावी आणि डँपर कुठे जातो ते बघावं.

मोजपट्टीची गल्लतही अशीच मुकी. सेन्सर ० ते ५,००० पीपीएमवर लावलेला, कंट्रोलर मात्र ० ते २,००० समजतोय. खोलीत १,००० झाले की सेन्सर २ व्होल्ट पाठवतो आणि कंट्रोलर ते ४०० वाचतो, अगदी बाहेरच्या हवेसारखे. असा आकडा पाहून कुणालाच शंका येत नाही.

सेन्सरनं हवा कितीही कमी करायला सांगितली, तरी दोन मर्यादा त्याच्या हाताबाहेर ठेवाव्या लागतात. एक म्हणजे किमान ताजी हवा: नवं फर्निचर, रंग, गालिचे यांच्या वाफा माणसं नसतानाही निघत राहतात आणि या सेन्सरला त्या दिसत नाहीत. दुसरी, इमारतीतला दाब. स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहांचे पंखे हवा बाहेर फेकतच असतात. आत येणारी हवा त्याहून कमी झाली, तर इमारत मिळेल त्या वाटेनं हवा ओढू लागते. त्या वाटांमध्ये बॉयलरचं धुराडंही येतं, आणि त्याच्यातून उलटा येणारा धूर कार्बन मोनॉक्साइड घेऊन येतो. तो ओळखायला वेगळा सेन्सर लागतो. नावातल्या साम्यावर विसंबून चालत नाही.

वायूच्या गळतीपासूनचं रक्षणही याच डबीकडून मागितलं जातं, तेही चूक. शीतपेयांची सिलिंडरं किंवा हाच वायू वापरणारी शीतयंत्रं असलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असल्यानं, शिवाय थंड बाहेर पडत असल्यानं, जमिनीलगत साचतो. तिथला शोधक जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर बसतो, त्याची मोजपट्टी हजारोंमध्ये असते आणि त्याचा भोंगा दाराबाहेरही वाजावा लागतो, म्हणजे कुणी नकळत आत पाऊल टाकणार नाही. २,००० ला संपणाऱ्या सेन्सरला ४०,००० चा धोका कळणारच नाही.

बसवल्यावरही काम उरतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी ३४ व्यावसायिक इमारतींतले २०८ सेन्सर तपासले, तेव्हा ७६० पीपीएमला ४७ टक्के सेन्सरांची चूक ७५ पीपीएमपेक्षा जास्त निघाली. त्यामुळे वर्षातून एकदा तरी प्रत्येक सेन्सर खात्रीच्या हातमीटरशी ताडून पाहावा, एकदा पहाटे रिकाम्या खोलीत आणि एकदा भर गर्दीत, कारण एका टोकाला बरोबर असलेला सेन्सर दुसऱ्या टोकाला चुकू शकतो. मीटर धरणाऱ्यानं तपासताना डबीवर श्वास सोडू नये. शून्य तपासण्यासाठी नायट्रोजनचं सिलिंडर वापरायचं असेल तर लहान बंद खोलीत ते उघडू नये. नायट्रोजन ऑक्सिजनला बाजूला सारतो आणि गुदमरत असल्याची जाणीवसुद्धा होऊ देत नाही. तपासणीची तारीख, दोन्ही आकडे, उंचीची दुरुस्ती आणि बेसलाइनची सोय चालू की बंद, हे सगळं डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या तंत्रज्ञाला ते शोधत फिरावं लागत नाही.