सोलकढी सांडणाऱ्यांच्या बाजूने

गणपतीच्या दिवसांत सिंधुदुर्गातल्या एखाद्या घरात पंगत बसली, की एक प्रसंग जवळजवळ ठरलेला. केळीची पानं मांडून झालेली असतात, काळ्या वाटाण्याची उसळ वाढून झालेली असते आणि आतून कुणीतरी सोलकढीचा टोप दोन्ही हातांत धरून येतं. उंबरठ्यापर्यंत सगळं ठीक. पंगतीच्या मध्यावर पोचेपर्यंत टोपातली सोलकढी हिंदकळायला लागते आणि एक गुलाबी लाट काठावरून थेट काकांच्या पांढऱ्या लेंग्यावर. मग कोपऱ्यातून आवाज येतोच, "मेल्या, डोळे खंय आसत तुजे?"

डोळ्यांचा इथे फारसा संबंध नाही. गुन्हेगार आहे टोपाची रुंदी.

भांड्यातल्या द्रवाला हेलकावे खाण्याची स्वतःची एक लय असते. ती ठरते मुख्यतः भांड्याच्या रुंदीवर आणि थोडीफार द्रवाच्या खोलीवर. सोलकढीत नारळाचं दूध आहे की आगळ जास्त पडलंय, याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. वीस सेंटिमीटर रुंदीच्या टोपात दहा सेंटिमीटर सोलकढी असेल, तर गणिताने ती सेकंदाला साधारण २ हेलकावे खाते. आणि आपण नेहमीच्या चालीने चालतो तेव्हा सेकंदाला पावलं पडतात साधारण २! प्रत्येक पावलाला शरीर किंचित पुढे ढकललं जातं, किंचित अडतं. पडवीतल्या झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहिलं तर तो उंच उंच जातो, तसंच हे. पंगतीत वाढायचा मध्यम टोप जणू सांडण्यासाठीच बेतलेला असतो.

तीच सोलकढी दहा सेंटिमीटर रुंदीच्या तांब्यात घेतली, तर तिची लय सेकंदाला ३ च्या आसपास जाते. पावलांची लय मागे राहते, लाट तितकी चढत नाही. जुन्या बायका पातळ पदार्थ तांब्यातून किंवा छोट्या भांड्यातून वाढत, त्यामागे त्यांनी हे गणित मांडलं होतं असं मी म्हणणार नाही. पण सांडलेलं पुसायचं काम त्यांच्याच वाट्याला यायचं, त्यामुळे निरीक्षण पक्कं असणार.

या प्रश्नावर चक्क रीतसर संशोधन झालंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या हान्स मायर आणि रुस्लान क्रेचेत्निकोव्ह यांनी माणसांना कॉफीचे भरलेले कप घेऊन चालायला लावलं आणि २०१२ साली त्यावर शोधनिबंध छापला. कॉफी बहुतेकदा सातव्या ते दहाव्या पावलाच्या दरम्यान सांडते, असं त्यांना आढळलं. कप तर तांब्याहूनही अरुंद, मग त्यातली कॉफी का सांडावी? कारण चाल कधीच एका लयीची नसते. मुख्य लयीच्या जोडीला दुप्पट-तिप्पट वेगाचे बारीक धक्के असतात, सुरुवातीचा हिसका असतो, मध्येच कुणीतरी हाक मारतं. या कामाला त्याच वर्षी इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनासाठीचा हा पुरस्कार.

आणखी एक उपाय प्रयोगांतून सिद्ध झालाय: फेस. द्रवावर फेसाचे चार-पाच थर असले तरी लाटेची बरीचशी ताकद भांड्याच्या कडेशी होणाऱ्या घर्षणात विरून जाते. घुसळलेलं ताक शांतपणे पानापर्यंत पोचतं आणि सोलकढी पोचत नाही, त्याचं एक कारण हे असू शकतं. फेस नसेल तर टोप अर्धाच भरावा आणि पावलं सावकाश टाकावीत. मग "किती वेळ लावतंस?" हे ऐकून घ्यायची तयारी ठेवावी.

आता हातातून वस्तू निसटण्याकडे वळू. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात रोलंड योहान्सन आणि गोरान वेस्टलिंग यांनी १९८४ च्या सुमारास बोटांची पकड बारकाईने मोजली. वस्तू निसटू नये म्हणून जेवढा जोर हवा, त्याहून आपण अगदी थोडाच जास्त लावतो, असं त्यांना दिसलं. मेंदू कंजूष आहे. दिवसभर प्रत्येक वाटी आवळून धरली तर बोटं दुखतील आणि पापड तर हातातच मोडेल. म्हणून तो बेताची पकड ठेवतो आणि वस्तू जराशी सरकली की बोटांच्या टोकांवरचे संवेदक खबर देतात, पकड घट्ट होते. या सगळ्याला सेकंदाचा बारावा-तेरावा भाग लागतो. तेवढ्यात पूर्ण सुटलेली वस्तू जेमतेम तीन सेंटिमीटर खाली येते, त्यामुळे बहुतेक वेळा आपण वाचतो. पण हाताला खोबरेल लागलेलं असेल किंवा नुकताच बांगडा साफ केलेला असेल, तर पृष्ठभाग किती निसरडा आहे याचा मेंदूचा अंदाजच चुकतो. बशी फुटते. म्हणजे रोज हजारो वेळा बरोबर आलेल्या अंदाजाची ही एखादी चुकलेली खेप.

बरं, अंदाज बरोबर असला तरी हात तंतोतंत तसाच हलेल, याची खात्री नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन याने १९२० च्या दशकात मॉस्कोत छिन्नी-हातोडा चालवणाऱ्या कामगारांच्या अंगावर छोटे दिवे लावून त्यांच्या हालचालींची छायाचित्रं घेतली. कसलेल्या कामगाराचा हातोडा दर वेळी छिन्नीवर नेमका बसायचा, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी वेगळ्या वाटेने तिथे पोचायचे. एकाही सांध्याची हालचाल हुबेहूब तीच नव्हती. एकाची चूक दुसरा सांभाळून घेत होता. शहाळं तासणाऱ्याचा कोयता जवळून पाहिला तर हेच दिसेल: शेवटचा घाव बरोबर तिथेच, पण त्याआधीचा हात कधी उंचावरून आलेला, कधी कडेने.

याचं कारण स्नायूंना जाणाऱ्या संदेशातच थोडी खरखर असते. ख्रिस्तोफर हॅरिस आणि डॅनियल वोल्पर्ट यांनी १९९८ साली मांडलेली कल्पना अशी, की संदेश जितका जोरदार, तितकी ही खरखरही मोठी. म्हणूनच घाईने आणि जोराने केलेली हालचाल जास्त चुकते. एसटी सुटायच्या बेतात असताना कुलपात किल्ली जात नाही, ती याचमुळे. सरावाने खरखर पुरती जात नाही. सराव झालेला माणूस तिला सांभाळून घ्यायला शिकतो, एवढंच.

घसरणं हा चाकरमान्यांचा खास प्रांत. जांभा दगड सच्छिद्र, पावसाळाभर पाणी धरून ठेवणारा, त्यामुळे पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, आणि खळ्याच्या कडेला शेवाळ साचतंच. सपाट, सरळ चालण्यासाठी पाय आणि जमीन यांच्यात घर्षणाचा गुणांक (पाय जमिनीला किती धरून राहतो ते सांगणारा आकडा) साधारण ०.२ लागतो, ओल्या शेवाळावर तेवढाही मिळेलच असं नाही. गावातला माणूस तिथे न ठरवता पावलं आखूड करतो, पाय सपाट टेकवतो आणि त्याला लागणारं घर्षणच कमी होतं. मुंबईहून आलेला माणूस दादरच्या पुलावरची चाल घेऊनच उतरतो. टाच आधी, लांब पाऊल, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. (हे हसण्यावारी न्यायचं ते तरण्याताठ्यांपुरतं. म्हातारपणी पडणं महागात जातं, आणि हातातून वस्तू अचानक वारंवार सुटायला लागल्या किंवा तोल जायला लागला तर घरच्यांच्या शेऱ्यांपेक्षा डॉक्टरांचं ऐकावं.)

राहिला प्रश्न लाजेचा. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. आपल्या फजितीकडे जग जितकं पाहतंय असं आपल्याला वाटतं, तितकं ते पाहत नसतं.

एलियट अॅरन्सन यांचा १९६६ चा प्रयोग याहून गमतीचा. प्रश्नमंजूषेत ९२ टक्के उत्तरं बरोबर देणारा एक उमेदवार शेवटी अंगावर कॉफी सांडतो, असं ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवलं. कॉफी सांडल्यावर तो लोकांना जास्त आवडला. पण ३० टक्केच उत्तरं बरोबर देणाऱ्याने तीच कॉफी सांडली, तर तो आधीपेक्षा कमी आवडला. हा दुसरा भाग सांगणारे सहसा गाळतात. मला तो कोकणात तितकासा लागू पडेल असं वाटत नाही. तिथे सांडणारा कुणी अनोळखी उमेदवार नसतो. त्याच्या आजोबांनी काय काय सांडलं होतं, हेही पंगतीतल्या निम्म्या लोकांना माहीत असतं.

गिलोविचचा दिलासाही बारा घरांच्या वाडीत थोडा कमीच पडतो. पाखाडीवर कुणी घसरलं की आधी दोन हात पुढे येतात, "लागला काय?" असं विचारलं जातं, नाही म्हटल्यावर सगळे पोट धरून हसतात आणि पायरीवर बसलेली आजी त्याला इतिहासात जमा करते, "तुजो बापूसय हयच पडललो."