निर्देशिका सर्व्हरशी जोडणी : दोष व निदान

संस्थेतील वापरकर्ते, संगणक, मुद्रक आणि त्यांचे अधिकार यांची मध्यवर्ती नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला निर्देशिका सर्व्हर म्हणतात. एखादा संगणक या सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही, किंवा पोहोचूनही आपली ओळख पटवू शकत नाही, तेव्हा त्याचे कारण शोधण्याच्या पद्धतीचा या नोंदीत विचार केला आहे. विवेचन मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीला धरून आहे. ही प्रणाली विंडोज 2000 सोबत फेब्रुवारी 2000 मध्ये बाजारात आली आणि कार्यालयीन जाळ्यांत तीच सर्वाधिक आढळते. ‘सर्व्हर सापडत नाही’ असा संदेश पडद्यावर आला तरी निर्देशिका स्वतः बहुधा धडधाकट असते. दोष नावांच्या व्यवस्थेत, घड्याळात किंवा संगणकाच्या स्वतःच्या गुप्तशब्दात असतो.

पूर्वपीठिका : जाळ्यावरील निर्देशिकेचा उगम सामान्यतः 1988 च्या एक्स.500 या आंतरराष्ट्रीय मानकापासून सांगितला जातो. मात्र झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ग्रेपव्हाइन ही वितरित प्रणाली 1980 च्या सुमारास वापरात आली होती. बिरेल, लेव्हिन, नीडहॅम व श्रोडर यांनी 1982 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. वापरकर्त्यांची नोंद अनेक सर्व्हरांवर विभागून ठेवणे आणि ओळखीची खातरजमा त्याच व्यवस्थेने करणे या दोन्ही कल्पना तेथे एकत्र दिसतात. त्यामुळे निदानाच्या दृष्टीने ग्रेपव्हाइनला पूर्वसूरी मानणे अधिक सयुक्तिक ठरते. एक्स.500 ची संदेशपद्धती लहान संगणकांना जड जात असे. म्हणून मिशिगन विद्यापीठात टिम हाउझ व सहकाऱ्यांनी तिचे हलके रूप, म्हणजे एलडॅप, तयार केले. त्याचे पहिले विनिर्देशन 1993 चे, तर तिसरी आवृत्ती 1997 ची आहे. नोव्हेलची निर्देशिका सेवा 1993 मध्ये नेटवेअर 4 बरोबर आली.

ओळख पटवण्याची बाजू वेगळ्या वाटेने आली. नीडहॅम व श्रोडर यांनी 1978 मध्ये एक संदेशक्रम मांडला. जुनी, चोरलेली किल्ली पुन्हा वापरून त्यात शिरकाव करता येतो, हे डेनिंग व साक्को यांनी 1981 मध्ये दाखवले आणि संदेशांत कालमुद्रा घालण्याचा उपाय सुचवला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या अथीना प्रकल्पातून (आरंभ 1983) निघालेल्या केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीने तो उपाय स्वीकारला. आज चुकलेल्या घड्याळामुळे लॉगिन अडते, त्याचे मूळ 1981 च्या या दुरुस्तीत आहे.

शोधाचा क्रम : डोमेनमधील, म्हणजे एका निर्देशिकेच्या कक्षेतील, विंडोज संगणकाला डोमेन कंट्रोलरचा (त्या डोमेनच्या निर्देशिका सर्व्हरचा) पत्ता कोणी आधी शिकवलेला नसतो. तो डीएनएसला, म्हणजे नावांवरून पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेला, विचारतो. ही विचारणा साध्या नावाची नसून एसआरव्ही प्रकारच्या नोंदीची असते. ‘या डोमेनसाठी एलडॅप सेवा कोणता सर्व्हर, कोणत्या पोर्टवर देतो’ असा तिचा आशय असतो (पोर्ट म्हणजे सर्व्हरवरील सेवेचा क्रमांकित दरवाजा). उत्तरात आलेल्या सर्व्हरांना संगणक यूडीपी या संदेशपद्धतीने पोर्ट 389 वर छोटी चाचणी-विचारणा पाठवतो. प्रतिसाद देणाऱ्या सर्व्हरकडून आपला उपजाल कोणत्या ‘साइट’मध्ये (ठिकाणानुसार केलेल्या गटात) मोडतो हे त्याला कळते आणि जवळचा सर्व्हर निवडला जातो. पुढे पोर्ट 88 वर केर्बेरॉसचे तिकीट (ओळखीचा पुरावा), पोर्ट 445 वर धोरणांच्या फायली, तर पोर्ट 135 व 49152 पासून वरच्या बदलत्या पोर्टांवर आरपीसी (दूरच्या यंत्राकडून काम करवून घेण्याचा) संवाद असा प्रवास होतो. निदानही याच क्रमाने करावे. पायऱ्या सोडून मधूनच सुरुवात केली, की एका दोषाची लक्षणे दुसऱ्याच्या नावावर जमा होतात.

सर्व्हरला पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) जातो, म्हणजे जाळे ठीक आहे, हा निष्कर्ष अपुरा आहे. पिंगने फक्त मार्ग सिद्ध होतो. एसआरव्ही नोंद मिळते की नाही आणि पोर्ट 88 उघडे आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. एनएलटेस्ट या आज्ञेला डीएसगेटडीसी हा पर्याय आणि डोमेनचे नाव दिले, की वरचा संपूर्ण शोध घडवून आणला जातो. तिचे उत्तर पिंगपेक्षा कितीतरी अधिक बोलके असते.

या पायरीवर सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे संगणकाच्या जाळे-मांडणीत दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा सार्वजनिक सर्व्हर, उदाहरणार्थ 8.8.8.8, किंवा राउटरचा पत्ता देणे. पहिल्याकडे नाव नसेल तर दुसरा सांगेल, अशी त्यामागची समजूत असते. प्रत्यक्षात ‘असे नाव नाही’ हे पहिल्याचे उत्तर अंतिम मानले जाते आणि दुसऱ्याकडे संगणक वळतो तो पहिला गप्प राहिला तरच. एकदा वळला, की बाहेरच्या सर्व्हरला अंतर्गत डोमेनचा पत्ता नसल्याने लॉगिन अडते आणि काही वेळाने आपोआप सुरळीतही होते. सकाळी बिघडते, दुपारी चालते अशा तक्रारींत प्रथम हेच पाहावे. डोमेनमधील संगणकाला फक्त डोमेनचेच डीएनएस सर्व्हर द्यावेत. बाहेरच्या नावांची विचारणा त्या सर्व्हरांनी पुढे पाठवावी.

डोमेनचे नाव ‘.लोकल’ने संपत असेल तर मॅक व लिनक्स संगणकांवर वेगळी अडचण येते. 2013 च्या मानकाने ही शेपटी स्थानिक बहुप्रक्षेपण-डीएनएससाठी राखून ठेवली आहे, त्यामुळे विचारणा डीएनएस सर्व्हरकडे न जाता आसपासच्या जाळ्यात घुमते. नावे त्याआधी ठेवली गेलेल्या जुन्या संस्थांत हा प्रश्न अजून भेटतो.

घड्याळ : केर्बेरॉसमध्ये दोन्ही बाजूंच्या घड्याळांत पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. ही मर्यादा पाचव्या आवृत्तीच्या 2005 च्या विनिर्देशनात शिफारस म्हणून दिलेली आहे आणि विंडोजनेही तीच मूळ मांडणी म्हणून घेतली. ती समजली जाते तितकी कठोर नाही. सर्व्हर नकार देताना स्वतःची वेळ कळवतो आणि ग्राहक-संगणक तेवढा फरक धरून पुन्हा प्रयत्न करू शकतो. तरीही सर्व सेवा असा समंजसपणा दाखवत नाहीत, म्हणून घड्याळ जुळवणे हाच मार्ग.

तुलना जागतिक प्रमाणवेळेने होते, भिंतीवरच्या वेळेने नाही. भारतात याचा एक खास परिणाम दिसतो. नव्या संगणकावर कालक्षेत्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे राहिले आणि कोणी केवळ आकडे बदलून भारतीय वेळ लावली, तर पडद्यावरचे घड्याळ अचूक दिसते. आत मात्र हिवाळ्यात साडेतेरा तासांचा आणि उन्हाळी वेळेत साडेबारा तासांचा फरक पडलेला असतो. त्यामुळे वेळ पाहताना कालक्षेत्रही पाहावे. मदरबोर्डवरील बटणासारखा सेल संपल्यावर वीज गेली, की घड्याळ मागे जाते. रोज सकाळी एकाच यंत्रावर हा दोष येत असेल तर सेल बदलणे पुरते. डोमेनमधील संगणक वेळ घेतात ती अखेरीस पीडीसी एम्युलेटर ही भूमिका असलेल्या कंट्रोलरकडून. त्याचेच घड्याळ बाहेरच्या विश्वसनीय स्रोताशी जुळलेले हवे. सर्ट-इन या भारत सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार भारतातील संस्थांनी राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या कालसर्व्हरांशी, अथवा त्यांच्याशी माग जुळणाऱ्या सर्व्हरांशी घड्याळे जुळवायची आहेत.

विश्वाससंबंध : ‘हे वर्कस्टेशन व मुख्य डोमेन यांतील विश्वाससंबंध तुटला’ असा संदेश आला, की कार्यालयात ‘कॉम्प्युटर डोमेनमधून पडला’ असे म्हणतात. डोमेनमध्ये प्रत्येक संगणकाचेही खाते असते आणि त्याला गुप्तशब्द असतो. तो यंत्र स्वतःच तयार करते व बदलते. विंडोज एनटीत हा बदल 7 दिवसांनी होई. विंडोज 2000 पासून मूळ मुदत 30 दिवस आहे.

संबंध का तुटतो याविषयी दोन मते आहेत. संगणक 30 दिवसांहून अधिक काळ बंद राहिला की गुप्तशब्द ‘कालबाह्य’ होतो, असे तंत्रज्ञांमध्ये सर्रास मानले जाते. मायक्रोसॉफ्टच्या स्पष्टीकरणानुसार हे खरे नाही. बदलाची सुरुवात नेहमी संगणकाकडून होते आणि सर्व्हर मुदत संपली म्हणून खाते नाकारत नाही. यंत्र सहा महिन्यांनी सुरू झाले, तरी ते जुन्याच गुप्तशब्दाने ओळख पटवते आणि मग नवा ठरवते. शिवाय यंत्र चालू व मागचा असे दोन्ही गुप्तशब्द जवळ ठेवते. कार्यपद्धती पाहता दुसरे मत ग्राह्य वाटते. पहिले मत इतके रुजले त्याला कारणही असावे. अनेक संस्थांत दीर्घकाळ न वापरलेली संगणक-खाती ठरावीक मुदतीने बंद केली किंवा पुसली जातात. अशा वेळी यंत्र परतल्यावर संबंध खरोखरच तुटलेला आढळतो. दोष मात्र गुप्तशब्दाच्या वयाचा नसून साफसफाईचा असतो.

खरी कारणे बहुधा मागे जाण्याची असतात : आभासी यंत्र जुन्या स्नॅपशॉटवर परत नेणे, जुन्या प्रतिमेवरून डिस्क भरणे, कंट्रोलर जुन्या बॅकअपवरून उभा करणे. एकाच नावाची दोन यंत्रे डोमेनमध्ये आली, की दुसरे पहिल्याचा गुप्तशब्द बदलून टाकते आणि पहिले बाहेर पडते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत एका यंत्राची प्रत सर्वांवर उतरवताना हे सहज घडते.

येथेच यंत्र-एसआयडीचा वाद येतो. प्रत उतरवलेल्या यंत्रांचा सुरक्षा-ओळखक्रमांक सारखाच राहतो आणि त्याने जोडणी बिघडते, असा समज दीर्घकाळ होता. तो बदलणारे न्यूएसआयडी हे साधन देणारे मार्क रसिनोविच यांनीच नोव्हेंबर 2009 मध्ये ते मागे घेतले. यंत्राचा स्थानिक ओळखक्रमांक जाळ्यावर जातच नाही आणि डोमेन आपला वेगळा क्रमांक देते, असा त्यांचा युक्तिवाद होता. अपवाद एकच : डोमेनचा ओळखक्रमांक पहिल्या कंट्रोलरच्या क्रमांकावरून येतो, म्हणून त्या यंत्राची प्रत त्याच डोमेनमध्ये घेता येत नाही. मायक्रोसॉफ्टचे अधिकृत धोरण मात्र सिसप्रेप (प्रतीपूर्वी यंत्राची ओळख पुसणारे साधन) चालवूनच प्रती काढाव्यात असेच राहिले. 2025 च्या ऑगस्टअखेरपासूनच्या अद्यतनांनी विंडोज 11 च्या 24एच2 व 25एच2 आवृत्त्यांत आणि विंडोज सर्व्हर 2025 मध्ये ओळखक्रमांकांची तपासणी आली. त्यानंतर समान क्रमांकाच्या यंत्रांमध्ये केर्बेरॉस व एनटीएलएम (ओळख पटवण्याची विंडोजची जुनी पद्धत) दोन्ही नाकारले जाऊ लागले. 2009 चा युक्तिवाद त्या काळच्या विंडोजला लागू होता. आज त्यावर विसंबून सिसप्रेप टाळणे धोक्याचे आहे.

दुरुस्ती : संगणक डोमेनमधून काढून पुन्हा जोडणे हा प्रचलित उपाय आहे, पण तो पहिला नसावा. स्थानिक प्रशासक म्हणून लॉगिन करून पॉवरशेलमधील टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल ही आज्ञा रिपेअर या पर्यायासह चालवली, की गुप्तशब्द नव्याने ठरतो आणि खाते तेच राहते. डोमेनमधील खाते पुसून नवे केले, तर जुन्या खात्याचे गट-सदस्यत्व जाते. त्याहून गंभीर म्हणजे खात्याखाली साठवलेल्या बिटलॉकरच्या (डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सुविधेच्या) पुनर्प्राप्ती-किल्ल्याही त्यासोबत जातात. किल्ली अन्यत्र नसेल आणि डिस्कने ती मागितली, तर वापरकर्त्याचे काम कायमचे हरवते. त्यामुळे खाते पुसण्यापूर्वी किल्ल्या उतरवून घेणे अत्यावश्यक आहे. ऑक्टोबर 2022 च्या अद्यतनांपासून, दुसऱ्याने तयार केलेले जुने खाते वापरून पुन्हा जोडणेही बहुधा नाकारले जाते. डोमेन सोडण्याआधी स्थानिक प्रशासकाचा गुप्तशब्द चालतो याची खात्री करावी.

वापरकर्त्याचे लॉगिन झाले म्हणून जोडणी आहे असे धरू नये. विंडोज शेवटच्या 10 लॉगिनांची ओळख यंत्रावर जपून ठेवते आणि सर्व्हर नसतानाही आत घेते. घरून व्हीपीएनवर काम करणाऱ्यांना गुप्तशब्द बदलल्यावर जुनाच चालताना दिसतो, तो यामुळे.

इतर प्रणाली : मॅकवर डोमेनशी जोडणी डीएसकॉन्फिगएडी या आज्ञेने तपासतात. तेथे यंत्राचा गुप्तशब्द मूळ मांडणीत 14 दिवसांनी बदलतो. लिनक्सवर ओळख तपासणारी एसएसएसडी ही सेवा आणि यंत्राच्या किल्ल्या ठेवणारी किटॅब फाइल पाहावी लागते. लिनक्सला विंडोजच्या सेवा देऊ देणाऱ्या सांबा या प्रणालीच्या 4.0 आवृत्तीपासून (डिसेंबर 2012) लिनक्स सर्व्हरही ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा कंट्रोलर होऊ शकतो आणि वर सांगितलेला शोधाचा क्रम तेथेही लागू पडतो.