दाढेची आठवण

रूट कॅनाल करायचं ठरलं आणि मी दोनदा अपॉइंटमेंट पुढे ढकलली. मधल्या दिवसांत नको ते व्हिडिओ पाहिले, रात्री झोपेत कानाशी ड्रिल वाजायचं. प्रत्यक्षात हिरडीत सुई टोचली तेव्हा मुंगी चावल्यासारखं झालं, अर्धा ओठ जड पडला आणि पाऊण तास ‘आ’ वासून जबडा अवघडला. झालं. एवढंच!

यातलं शास्त्र मला आधीच ठाऊक होतं. हिरडीत सोडलेलं लिडोकेन हे बधिर करणारं औषध मज्जातंतूवरची सोडियमची सूक्ष्म दारं बंद करतं. सोडियम आत शिरल्याशिवाय विद्युत संदेश पुढे सरकत नाही, त्यामुळे दाढेत काय चाललंय याची मेंदूला खबरच लागत नाही. ठाऊक असूनही पोटातला गोळा काही गेला नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये 45 जणांना एक संगणकी खेळ खेळायला दिला. दगड उलटायचा, पण त्याखाली साप असेल की नाही ते आधी ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. सर्वांत जास्त ताण कधी असावा? झटका बसणारच, हे नक्की असताना नव्हे. तर बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना! संकट नक्की ठरलं की शरीर त्यातल्या त्यात शांत होतं. त्याला छळतं ते अधांतर.

मेंदूशास्त्रज्ञ ग्रेगरी बर्न्स यांच्या 2006 मधल्या प्रयोगात तर काही जणांनी थोड्या वेळानं बसणाऱ्या हलक्या झटक्यापेक्षा लगेच बसणारा जोरदार झटका पसंत केला. वाट पाहणं नको, त्यापेक्षा दुखलेलं परवडलं. निकालाच्या आदल्या रात्री जागलेल्या कुणालाही हे पटेल.

इथवर ठीक. पण माणूस अनुभवानं शहाणा होतो ना? दहा वेळा भीती फोल ठरल्यावर अकराव्या वेळी तरी ती कमी व्हायला हवी. माझा खरा प्रश्न हा होता आणि त्याचं उत्तर दातांच्याच दवाखान्यात सापडलं. जेरी केंट या मानसशास्त्रज्ञानं 1985 मध्ये दातांच्या रुग्णांना उपचाराआधी विचारलं, किती दुखेल असं वाटतं? उपचारानंतर लगेच विचारलं, किती दुखलं? आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा किती दुखलं होतं? फार घाबरणाऱ्यांची तीन महिन्यांनंतरची आठवण त्यांनी प्रत्यक्ष सोसलेल्या दुखण्यापेक्षा आधी बांधलेल्या अंदाजाशी जास्त जुळली. म्हणजे भीती खोटी ठरली, तरी स्मृतीनं गुपचूप तिच्याच बाजूनं साक्ष दिली. पुढच्या खेपेला माणूस तेवढाच घाबरून खुर्चीत बसतो, वर ‘गेल्या वेळी जीव गेला होता’ असं शपथेवर सांगतो.

मग पुरावा डोक्याबाहेर ठेवला तर? अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात लुकास लाफ्रेनिअर आणि मिशेल न्यूमन यांनी सततच्या चिंतेचा विकार असलेल्यांना दहा दिवस आपल्या चिंता लिहून काढायला लावल्या आणि महिनाभर त्यांतल्या कोणत्या खऱ्या ठरतात ते तपासायला सांगितलं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 29 जणांच्या 91.4 टक्के चिंता खऱ्या ठरल्याच नाहीत. माणसं फक्त 29, त्यामुळे हा आकडा सगळ्या जगाला लावू नये. उरलेल्या काही चिंता खऱ्याही ठरल्या, हेही विसरायला नको. छातीत दुखत असेल तर वही काढू नका, डॉक्टर गाठा. पण लिहून पडताळणाऱ्यांची चिंता, नुसतेच विचार टिपणाऱ्यांच्या तुलनेत अधिक उतरली. कागदावरचा अंदाज मागाहून बदलता येत नाही, आठवण मात्र बदलते.

त्या दिवशी रिक्षात बसल्या बसल्या, ओठ बधिर असतानाच, मी मोबाइलमध्ये टिपून ठेवलं: ‘वाटलं होतं दहापैकी नऊ, दुखलं दोन.’ परवा ते वाचलं तेव्हा खरंच वाटेना. दोन कसं, निदान पाच तरी असेल! उजवीकडची दाढ हल्ली थंड पाण्यानं शिवशिवते आहे. अपॉइंटमेंट अजून घ्यायची आहे.