‘लोड’ नेमका कशाचा? प्रोग्रॅमरच्या बौद्धिक श्रमाच्या मोजमापाची पार्श्वभूमी

डोक्यावरचं ओझं डोळ्याच्या बाहुलीत दिसतं, हे १९६० च्या दशकातच लक्षात आलं होतं. १९६६ च्या एका प्रयोगात सेकंदाला एक या गतीने आकडे ऐकवले. दर आकड्यागणिक बाहुली मोठी होत गेली आणि ते परत म्हणून दाखवताना लहान होत गेली. कोडच्या जगात मात्र १९७६ नंतरही गुंतागुंत मोजायची ती कोड चालताना किती वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतो ते मोजून. वाचणाऱ्याकडे फारसं कुणी बघत नव्हतं.

वाचणाऱ्याकडे बघण्याला खरा जोर आला २०१४ मध्ये. एका गटाने १७ जणांना एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कुठला भाग सक्रिय आहे ते दाखवणाऱ्या) झोपवून कोडचे छोटे तुकडे वाचायला दिले. दुसऱ्या गटाने १५ व्यावसायिक प्रोग्रॅमरांची नजर, ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद) आणि त्वचेची विद्युतवाहकता टिपून काम सोपं की अवघड याचा अंदाज बांधला. पहिल्या अभ्यासात मेंदूतले भाषेशी संबंधित भाग सक्रिय दिसले आणि ‘कोड म्हणजे भाषाच’ ही समजूत पसरली. २०२० मध्ये ती डळमळली: भर होता तो तर्क, गणित अशा कुठल्याही अवघड कामात जुंपल्या जाणाऱ्या मेंदूतल्या जाळ्यावर.

पण सगळा गुंता आहे तो ‘कॉग्निटिव्ह लोड’ म्हणजे बौद्धिक भार या शब्दाचा. १९८८ मध्ये शिक्षणक्षेत्रात या नावाचा सिद्धांत मांडला गेला आणि त्याच वर्षी विमानोड्डाणाच्या क्षेत्रातून कामाचा भार मोजणारी सहा मोजपट्ट्यांची प्रश्नावली आली. प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासांनी दोन्ही उचललं आणि तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या: कोडने टाकलेला भार, माणसाने लावलेला जोर आणि जिवाला झालेला ताण. एकात एक घुसलेल्या पाच अटी वाचताना नवखा हात टेकतो. त्याने जोर लावणंच सोडलं, की बाहुलीही लहान होते. आलेख पाहणारा म्हणेल, सोपं गेलं. उलट साध्या दोन ओळींच्या बदलापुढेही डेडलाइनच्या धास्तीने तळहाताला घाम सुटतो, आणि त्वचेवरचा सेन्सर तो घामच मोजतो.

त्यातून बऱ्याच अभ्यासांत सेन्सरचा अंदाज पडताळायचा तो प्रोग्रॅमरने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीशी. मला हा निर्णय पटत नाही. माणसाच्या सांगण्यावर भिस्त नको म्हणून सेन्सर आणले आणि उत्तरपत्रिका तपासायला पुन्हा त्याचंच सांगणं घेतलं.

२०२१ मध्ये १९ जणांच्या एफएमआरआय नोंदी कोडच्या गुंतागुंतीच्या ४१ मापांशी ताडून पाहिल्या, तेव्हा मेळ बसला तो मर्यादितच. आता मनगटी पट्ट्यांमुळे हेच मोजमाप प्रयोगशाळेतून टेबलापाशी येऊ शकतं. तिथे तो आकडा वरिष्ठांच्या हाती पडला, तर हात टेकलेला माणूस निवांत ठरेल आणि मन लावून झुंजणारा कच्चा.