हौद भरला तरी मोटर चालूच

मे महिन्यातली दुपार. भुसावळहून जळगावला येताना नशिराबादजवळ माझ्या दुचाकीने मान टाकली. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. मेकॅनिकचं म्हणणं, ‘भाऊ, आजकाल बॅटऱ्याच हलक्या येतात.’ घरच्यांनी हँडलला लिंबू-मिरची बांधली. वर्षभर दर शनिवारी बांधत बसलं, तर तेवढ्या पैशांत व्होल्टेज मोजायचा साधा मल्टिमीटर येतो.

तो मी आणला. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवते. रेस केल्यावर आकडा साधारण १४ ते १४.५ पर्यंत चढायला हवा. माझा १२.३ वरच. म्हणजे बॅटरी आजारी नव्हती, उपाशी होती.

बॅटरीला खाऊ घालणारी व्यवस्था अशी: इंजिनाच्या दांड्यावर मॅग्नेट फिरतो, आत कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, स्थिर. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्वच. कॉइलमधून एसी (सतत दिशा बदलणारा करंट) निघतो, रेक्टिफायर त्याचा डीसी (एकाच दिशेचा) करतो. पण बॅटरी भरल्यावर काय? कारच्या अल्टरनेटरमध्ये चुंबकत्व कमी करता येतं. इथला चुंबक कायमचा. म्हणून बहुतेक दुचाकींतला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा डबा, सरळ कॉइलच्या तारा शॉर्ट करतो, एकमेकींना जोडून टाकतो! केळीच्या ठिबकचा बायपास आठवा: जास्तीचं पाणी परत विहिरीत, मोटर मात्र राबतेच.

मग शॉर्ट केलेली कॉइल तिथल्या तिथे जळत का नाही? वेग दुप्पट झाला की व्होल्टेज दुप्पट, पण फ्रिक्वेन्सीही (एसीची दिशा बदलण्याची गती) दुप्पट. आणि फ्रिक्वेन्सीबरोबर कॉइलचा आडमुठेपणा, पुस्तकी भाषेत इंडक्टिव्ह रिअ‍ॅक्टन्स, तितकाच वाढतो. दोन्हींचा भागाकार, म्हणजे करंट, तोच. त्यामुळे करंट एका आकड्यापर्यंत चढतो आणि तिथेच अडतो. पण तेवढा सतत वाहतो, दिवा लावा की विझवा. ‘हेडलाइट बंद ठेवला की कॉइल वाचते’ हे अशा गाड्यांत खोटं. (एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांत तो बंदच होत नाही, ते वेगळं.)

हा करंट उष्णता करतो. तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रोध सुमारे ०.४ टक्के वाढतो. तारेवरच्या वार्निशचं आयुष्य दर १० अंशांना निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. त्यात आपला ४५ अंशांचा मे. रेग्युलेटरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांवर चिखल बसला की तोही भाजतो.

माझी कॉइल भरून आणायची वेळ आली नाही. कॉइलच्या तारांचं सॉकेट काढून मोजलं, तर तिच्या तिन्ही पिवळ्या तारांत एसी सारखा, कॉइल बॉडीला कुठे लागलेली नाही. सॉकेट मात्र वितळून तपकिरी झालं होतं: पिन ढिली, म्हणून रोध, म्हणून उष्णता, म्हणून पिन आणखी ढिली. तारा कापून सोल्डर केल्या. आकडा १४.२.

लिंबू अजून लटकतंय. आईसमोर ते काढायची माझी हिंमत नाही.