पाचव्या गोळीचं दुखणं

भाचीचा फोन आला तेव्हा ती रडकुंडीला आली होती. "मामा, पाचवा राउंड चढतच नाहीये. परत तेच!"

ती नाशिकच्या एका क्लबात पॉइंट टू टू, म्हणजे 0.22 इंची नळीचं पिस्तूल चालवते. तिच्या स्टँडर्ड पिस्तूल प्रकारात पाच-पाच गोळ्यांच्या फेऱ्या असतात. पाच गोळ्यांना आधी 150 सेकंद मिळतात, मग 20 आणि शेवटी फक्त 10. त्या दहा सेकंदांत चार गोळ्या सुटायच्या आणि पाचवा राउंड, म्हणजे पाचवी गोळी, नळीत चढायचीच नाही; नुसता रिकामा 'टक'.

मी नेमबाज नव्हे. अंबडच्या एमआयडीसीत बावीस वर्षं स्प्रिंगा वळल्या, एवढीच माझी पात्रता. पिस्तुलाला एकेक गोळी पुरवणारी डबी, म्हणजे मॅगझीन, हा शस्त्र कायद्याखाली येणारा भाग, पिशवीत टाकून घरी आणायची वस्तू नाही. म्हणून रविवारी मीच रेंजवर गेलो. तिथे निदान तयारच होतं. "भरून ठेवलं की स्प्रिंग थकते," एक सीनियर म्हणाला. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. पण रेंजवर 'लोड' असा हुकूम मिळाल्याशिवाय मॅगझीन पिस्तुलात घालता येत नाही आणि सराव संपला की रिकामंच पेटीत जातं. मग ते भरून ठेवलं होतं कोणी आणि कधी? एका पालकांनी तर त्र्यंबकेश्वरला जाऊन कालसर्पशांती उरकून घ्या असं सुचवलं. पत्रिका भाचीची की पिस्तुलाची, हे विचारायचा मोह मी आवरला.

आधी दोषी कोण ते ठरवायचं होतं. तिन्ही मॅगझीनवर नेलपॉलिशने 1, 2, 3 असे आकडे घातले. पिस्तूल तेच, गोळ्या एकाच खोक्यातल्या, बदललं फक्त मॅगझीन. अडकायचा तो 3 नंबर. मग प्रशिक्षकांनी 3 नंबर तशाच दुसऱ्या पिस्तुलात लावून पाहिला, तिथेही अडकला. पिस्तूल निर्दोष सुटलं.

पण पाचवीच गोळी का? मॅगझीन म्हणजे पत्र्याची उभी डबी. तळाशी स्प्रिंग, तिच्यावर फॉलोअर नावाचा पाट, त्यावर गोळ्यांची चळत आणि वर पत्र्याचे दोन वळलेले ओठ. गोळी सुटली की बोल्ट, म्हणजे पुढची गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग, मागे जातो आणि लगेच पुढे येतो. तो मागे असतानाच पुढची गोळी वर येऊन ओठांना टेकली पाहिजे. उशीर झाला तर बोल्ट तिच्या डोक्यावरून रिकामाच पुढे जातो. तोच 'टक'.

स्प्रिंग जितकी दाबाल तितका तिचा जोर, हा हूकचा नियम आपण शाळेत शिकलो. त्याने तो 1678 मध्ये छापला. मॅगझीन भरलेलं असतं तेव्हा स्प्रिंग जास्तीत जास्त दाबलेली असते आणि शेवटच्या गोळीला तिचा जोर सर्वांत कमी उरतो. शेवटची गोळी, फॉलोअर आणि स्प्रिंगचा हलणारा वाटा मिळून 10 ग्रॅम धरू, जोर 2 न्यूटन धरू. 6 मिलिमीटर वर यायला सुमारे 8 मिलिसेकंद लागतील. जोर निम्मा झाला की 11. घर्षण यात धरलेलंच नाही.

आता माझ्या आवडीची गोष्ट. दाबस्प्रिंगची तार दाबली जात नाही. ती पिळली जाते! पंचा पिळताना दोन्ही टोकं उलट फिरवतो ना, तशी वेटोळ्यातली तार स्वतःभोवती फिरते. म्हणून स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तार दहा टक्क्यांनी बारीक झाली तर 0.9 चा चौथा घात 0.656, म्हणजे ताठपणा 34 टक्के गेला. उलट वेटोळ्याचा व्यास वाढला की ताठपणा त्याच्या तिसऱ्या घाताने उतरतो. मॅगझीनची स्प्रिंग गोल नसून लांबट, त्यामुळे तिथे पिळासोबत वाकही येतो आणि हे गणित जरा किचकट होतं. ते सोडून देऊ.

तारेला पिळाची एक मर्यादा असते. तिच्या आत राहिली तर स्प्रिंग पूर्ववत होते, पलीकडे गेली तर कायमची बसते. म्हणून कारखान्यात स्प्रिंग मुद्दाम जास्त लांब वळतात आणि पूर्ण दाबून एकदाची बसवतात. तेवढ्या दाबाने तारेच्या बाहेरच्या थरात उलटा ताण कोंडला जातो. पुढे दाब आला की आधी हा उलटा ताण फिटतो, मग खरा ताण सुरू होतो. अशी नीट बसवलेली स्प्रिंग भरून ठेवल्याने थोडी सैलावतेच, पण लघुगणकी चालीने: पहिल्या ते दहाव्या दिवसात जेवढी, साधारण तेवढीच पुढे दहाव्या ते शंभराव्यात.

3 नंबर उघडला. आत काळा चिकटा होता. गोळीच्या शिशावरचं मेण, जळक्या दारूची काजळी आणि दसऱ्याच्या शस्त्रपूजनानंतर कोणीतरी श्रद्धेने सोडलेलं तेल. (पूजा करा, पण तेल आत सोडू नका.) प्रशिक्षकांनी पुसून कोरडं केलं. अडकणं कमी झालं, थांबलं नाही.

मग 1 आणि 3 च्या स्प्रिंगा शेजारी ठेवल्या. तिसरी चांगली 9 मिलिमीटर आखूड, आणि वेटोळ्यांमधलं अंतर कुठे फाकलेलं, कुठे मिटलेलं. विचारल्यावर कळलं, गेल्या वर्षी "सैल पडलीय" म्हणून कोणीतरी ती हाताने ओढून लांब केली होती. ओढताना कारखान्याने कोंडलेला तो उपकारक ताण नेमका पुसला गेला. लांब झालेली स्प्रिंग आठवडाभर खूश ठेवते, मग पहिल्यापेक्षाही खाली बसते.

नवी स्प्रिंग मागवायला पंधरा दिवस गेले. ती बसवल्यावर भाचीने 3 नंबरने सलग आठ फेऱ्या मारल्या, चाळीसही राउंड चढले. 2 नंबर मात्र आता पहिल्या गोळीलाच कुरकुरतोय. ते मॅगझीन फरशीवर पडलं होतं म्हणे. पुढच्या रविवारी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घेणारी मोजपट्टी, घेऊन जाणार आहे, त्याचे ओठ मोजायला.